वीज आली, पण सर्व्हर उठला नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला दूरचे यंत्र घरी बसून सुरू करण्याचा प्रश्न नवा नाही. शेतीपंपाला वीज पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. विहीर गावापासून लांब, वाटेत साप-विंचू, रानडुकरे. २०१८ साली राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात टी-१ वाघिणीची दहशत होती, तेव्हा तर रात्री ओलिताला जाणे म्हणजे जिवाशी गाठ होती. या अडचणीवर महाराष्ट्रात उत्तर निघाले ते मोबाईल स्टार्टरचे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ने फोनवरून पंप चालू-बंद करणे शेतकऱ्याच्या हाती दिले. २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाले. पुढे तशाच कितीतरी पेट्या बाजारात आल्या आणि आज तालुक्याच्या कोणत्याही मोटर-पंपाच्या दुकानात त्या मिळतात.

त्या पेटीत जे तत्त्व आहे, तेच या लेखाचा कणा आहे. मोटरशी बोलायला मोटर चालू असावी लागत नाही. पेटीला स्वतःचे सिम असते, स्वतःचे सर्किट असते, बऱ्याच पेट्यांत स्वतःची छोटी बॅटरीही असते. मोटर जळाली असली तरी पेटी जागी राहते आणि तीन फेज आल्या की नाही ते सांगते. बंद पडलेल्या यंत्रापर्यंत पोहोचण्याची वाट त्या यंत्रातून जाता कामा नये. संगणकाच्या जगात याला ‘आउट ऑफ बँड’ व्यवस्था म्हणतात. जिल्ह्याजिल्ह्यांत बसवलेले किती सर्व्हर या एका कसोटीला उतरतात, हे पाहण्यासाठी हा आढावा आहे.

आधी सर्व्हर कोणते ते सांगितले पाहिजे. सेतू केंद्रात किंवा रेशन दुकानात ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे ऐकू येते तेव्हा तो सर्व्हर बहुधा यवतमाळात नसतोच. सातबारा, रेशन, दाखले यांची मुख्य यंत्रे मोठ्या शहरांतल्या डेटा सेंटरमध्ये आहेत आणि तिथे चोवीस तास माणसे असतात. पण जिल्ह्यात राहिलेली यंत्रेही थोडी नाहीत. पतसंस्थेच्या शाखेतला सर्व्हर, खासगी रुग्णालयात सीटी स्कॅनच्या प्रतिमा साठवणारा, जिनिंगच्या काट्याला जोडलेला, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला, वणीच्या कोळसा पट्ट्यात वजनकाट्याच्या केबिनमधला. सोळा तालुक्यांत ही यंत्रे विखुरलेली आहेत आणि ती दुरुस्त करू शकणारा माणूस यवतमाळात, अमरावतीत, नागपुरात, कधी पुण्यातही असतो.

तो माणूस येणार कसा? मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारी शकुंतला रेल्वे केव्हाची थांबली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब एवढा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. म्हणजे यायचे ते रस्त्यानेच. नागपूर ते यवतमाळ दीडशेएक किलोमीटर, आणि पुढे उमरखेड गाठायचे तर आणखी शंभराहून अधिक. पावसाळ्यात हा रस्ता किती बेभरवशाचा होतो, याचे दाखले आहेत. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून नांदेड-नागपूर एसटी बस वाहून गेली आणि माणसे दगावली. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली. ज्या दिवशी वीज सर्वात जास्त वेळा जाते, यंत्रे सर्वात जास्त पडतात, त्याच दिवशी रस्ता बंद असतो. म्हणून ‘इंजिनिअर उद्या येईल’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. तंत्र हाताशी असताना एखाद्या पोराला दुचाकीवर पुराच्या पाण्यातून पाठवणे मला मान्य नाही.

सर्व्हर ‘उठत नाही’ म्हणजे नेमके काय होते? कळ दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत बऱ्याच पायऱ्या असतात. आधी मदरबोर्डवरचे बायॉस जागे होते आणि मेमरी, डिस्क, पंखे तपासते. मग ते बूटलोडर शोधते. बूटलोडर कर्नल आणि त्याच्यासोबतची छोटी तात्पुरती फाइल-व्यवस्था मेमरीत आणतो. कर्नल खरी डिस्क शोधून जोडतो, सेवा एकेक सुरू होतात, त्यांत नेटवर्क येते आणि अगदी शेवटी एसएसएच किंवा रिमोट डेस्कटॉप. दूरचा माणूस या शेवटच्या पायरीवरच आत शिरू शकतो. आपल्याकडे देखभालीचे बरेच काम एनीडेस्कवर चालते. ते चांगले साधन आहे, पण विंडोज पूर्ण उठल्यावरच चालते. त्याआधीच्या कोणत्याही पायरीवर गाडी अडली की नागपुरात बसलेल्याला एकच गोष्ट दिसते: पिंगला उत्तर नाही. वीज नाही, केबल निघाली, डिस्क गेली, कर्नल कोलमडला की यंत्र कुणी कळ दाबेल म्हणून वाट पाहत बसले आहे, यातला फरक बाहेरून कळत नाही.

त्यातही चीड आणणारी गोष्ट ही, की यातले पुष्कळ बिघाड मुळात बिघाडच नसतात. वीज गेली, यूपीएसची बॅटरी संपली, वीज आली आणि सर्व्हर बंदच राहिला, कारण बायॉसमध्ये ‘वीज परत आल्यावर काय करायचे’ या जागी ‘बंदच राहा’ असे लिहिलेले होते. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी उतरली, तारीख मागे गेली, आणि ‘पुढे जायला एफ-१ दाबा’ असे म्हणत यंत्र थांबून राहिले, त्याला कीबोर्डच जोडलेला नव्हता. बॅकअपसाठी लावलेली यूएसबी डिस्क कुणीतरी काढून नेली. लिनक्सच्या जोडणीच्या यादीत तिचे नाव होते, यंत्राने दीड मिनिट वाट पाहिली आणि आणीबाणीच्या स्थितीत जाऊन पासवर्ड मागत बसले. त्या यादीत ‘नोफेल’ हा एक शब्द लिहिला असता तर डिस्कशिवाय काम सुरू झाले असते. कर्नल कोसळल्यावर लिनक्स मूळ मांडणीत तसेच थिजून राहते. ‘दहा सेकंदांनी पुन्हा सुरू हो’ असे सांगणारी एक ओळ लिहायला पैसे पडत नाहीत.

एक प्रसंग जवळून पाहू. पावसाळ्यातली सकाळ, तालुक्याच्या ठिकाणची शाखा, फोनवर तिथला ऑपरेटर. “सर, मशीन चालूच होऊन नाही राहिली. काळी स्क्रीन आहे, खाली इंग्रजीत लिवलं आहे काहीतरी.” त्याला मोठ्याने वाचायला लावण्यापेक्षा व्हॉट्सअॅपवर फोटो मागवला. फोटोत बायॉसची ओळ: बूट करण्यासारखे काही सापडत नाही. डिस्का दोन होत्या, एकमेकींचा आरसा म्हणून जोडलेल्या, म्हणजे एक गेली तरी दुसरीवर सगळा डेटा शाबूत. पहिली रात्री गेली होती. दुसरी ठणठणीत होती, पण बसवणाऱ्याने बूटलोडर फक्त पहिलीवर टाकला होता. डेटा दोन ठिकाणी आणि दरवाजा एकाच ठिकाणी, असा हा प्रकार. तो दोन्हीकडे टाकायला एक कमांड पुरली असती, आणि बसवतानाच एक डिस्क काढून यंत्र सुरू करून पाहिले असते तर उणीव तिथेच कळली असती. मला हा बिघाड सर्वात बोलका वाटतो, कारण आरसा लावण्याचा खर्च झाला होता, कागदोपत्री सुरक्षितता पूर्ण होती, आणि तरी काउंटरवर म्हातारी माणसे पेन्शनसाठी ताटकळत उभी होती.

आता साधनांकडे वळू. सर्वात जुने साधन सीरियल पोर्ट. यंत्राच्या मागच्या नऊ पिनांच्या खिडकीतून बूटलोडरपासून कर्नलपर्यंतची प्रत्येक ओळ बाहेर पाठवता येते. ती ओळ पूर्वी मोडेमवर जाई, आज शेजारच्या छोट्या यंत्रात किंवा राऊटरमध्ये जाते. दिसायला ओबडधोबड, पण फार थोड्या गोष्टींवर अवलंबून असलेले. क्लाऊडवाल्या कंपन्यांनाही शेवटी याच्याकडे यावे लागले. अॅझ्युरने २०१८ मध्ये आणि अॅमेझॉनने २०२१ मध्ये आपल्या आभासी सर्व्हरांना सीरियल कन्सोल दिला, कारण उठू न शकणाऱ्या यंत्राला पाहण्याची दुसरी सोपी वाट नव्हती. नेटवर्कवरून यंत्र जागे करणारे ‘वेक ऑन लॅन’ही जुनेच. ते झोपलेल्याला उठवते, अडकलेल्याला सोडवत नाही. त्यामुळे इथे त्यावर जास्त शब्द खर्चत नाही.

खरे काम करते ते सर्व्हरच्या बोर्डवर बसलेले दुसरे छोटे संगणक-यंत्र: बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. एचपीच्या सर्व्हरवर त्याला आयएलओ म्हणतात, डेलच्या सर्व्हरवर आयड्रॅक. १९९८ साली इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी यांनी मिळून आयपीएमआय हे समान मानक ठरवले. २०१५ पासून त्याची जागा हळूहळू रेडफिश घेत आहे. हा कंट्रोलर सर्व्हर बंद असतानाही जागा असतो. तारेला वीज असली म्हणजे पुरे. त्याला स्वतःचे नेटवर्क पोर्ट असते, स्वतःचा पत्ता असतो. तो दुरून सर्व्हर बंद-चालू करतो, स्क्रीन दाखवतो, कीबोर्ड देतो, आणि नागपुरातल्या लॅपटॉपवरची दुरुस्ती-सीडी उमरखेडच्या सर्व्हरला लावल्यासारखी दाखवतो. शिवाय तो नोंदी ठेवतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिशीला टेकतो, रविवारी एसी बंद असतो आणि सोमवारी सर्व्हर पडलेला सापडतो. तेव्हा आत शिरणाऱ्या हवेचे तापमान किती वाजता किती होते, पंखा केव्हा थांबला, हे या नोंदवहीत मिळते. जिनिंगमधला कापसाचा तंतू आणि वणीची काळी धूळ पंखे कशी गिळतात, तेही त्यातून कळते.

एवढे सगळे हाताशी असून ते निकामी कसे राहते, हे खरेदीच्या कागदांत दडलेले आहे. निविदेत प्रोसेसरचे कोअर, मेमरी, डिस्कची क्षमता हे बारकाईने असते. पण आयएलओमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम सुरू झाल्यावरची स्क्रीन दुरून पाहायला वरच्या दर्जाचा परवाना लागतो, आयड्रॅकमध्येही आभासी कन्सोलला एंटरप्राइज परवाना लागतो, ही ओळ गळते. मग सर्व्हर येतो, कंट्रोलर असतो, त्याच्या पोर्टला केबल कुणी लावत नाही, पासवर्ड खोक्यावरच्या लेबलवर छापलेला असतो आणि खोके भंगारात जाते. वार्षिक देखभाल करारात ‘दुसऱ्या कामाच्या दिवशी इंजिनिअर’ असे लिहिलेले असते. दुरून दुरुस्त करून दाखवा, असे कुणी लिहीत नाही. माझ्या मते सर्व्हर ताब्यात घेताना एकच परीक्षा घ्यावी: यंत्रातली बूट डिस्क काढावी, वीज तोडून जोडावी, खोलीत कुणी हात लावणार नाही असे ठरवावे आणि पुरवठादाराने आपल्या कार्यालयात बसून ते यंत्र उभे करून दाखवावे. महावितरण दरवर्षी पावसाळ्याआधी फांद्या तोडते, डीपी तपासते. तशीच मे महिन्यात ही परीक्षाही पुन्हा घ्यावी.

ज्या साध्या पीसीला असा कंट्रोलर नाही, आणि तालुक्यात ‘सर्व्हर’ म्हणून साधा पीसीच वापरात असणे मुळीच विरळा नाही, त्याला बाहेरून पेटी जोडता येते. रास्पबेरी पायवर उभी असलेली पायकेव्हीएम किंवा तिच्यासारखी तयार यंत्रे एका बाजूने पीसीची स्क्रीन वाचतात, दुसऱ्या बाजूने कीबोर्ड आणि पेनड्राइव्ह असल्याचे भासवतात. खर्च काही हजारांत बसतो. इंटेलच्या व्हीप्रो असलेल्या पीसीत २००६ पासून एएमटी नावाची अशीच सोय आतच असते, पण ती घेतल्या दिवशी चालू करून ठेवावी लागते.

मात्र कंट्रोलर असो की पेटी, त्याच्यापर्यंतची वाट तीच असेल तर सारे व्यर्थ. हा धडा मोठमोठ्यांना महागात पडला आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीतल्या एका चुकीच्या आज्ञेने फेसबुकचे सारे अंतर्गत जाळे तुटले. आणीबाणीसाठी असलेली वेगळी वाटही त्यासोबत बंद झाली आणि शेवटी माणसांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष पाठवावे लागले. सुमारे सहा तास फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम बंद होते. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्सचे जाळे पडले, १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहक अडकले. दुरुस्ती करणाऱ्यांची आपली वाटही त्याच जाळ्यावर होती, म्हणून बिघाड कुठे आहे हे शोधण्यातच तास गेले.

यवतमाळच्या शाखेत दुसरी वाट म्हणजे ४जी सिमचे छोटे राऊटर. त्यातही दोन खाचखळगे आहेत. मोबाईल कंपन्या साध्या सिमला बाहेरून पोहोचता येईल असा स्वतंत्र पत्ता देत नाहीत. म्हणून बाहेरून आत जाण्याची आशा न धरता आतल्या यंत्रानेच बाहेर फोन लावावा, म्हणजे वायरगार्डसारखा बोगदा कायम उघडा ठेवावा, हेच चालते. दुसरा खळगा विजेचा. फायबर रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीने तुटते हे सगळे जाणतात. पण वीज लांबली की मोबाईल टॉवरची बॅटरीही संपते, आणि दोन वेगळ्या वाटा एकाच वेळी बुडतात. म्हणून दुसरे सिम दुसऱ्या कंपनीचेच नव्हे, तर दुसऱ्या टॉवरवरचे आहे की नाही ते तपासावे. राऊटर, स्विच आणि बाहेरून जोडलेली पेटी ही तिन्ही वेगळ्या यूपीएसवर ठेवावीत. सर्व्हरच्या मोठ्या भाराखाली एखादा यूपीएस वीस मिनिटे टिकत असेल, तर तोच नुसत्या या तिघांसाठी कितीतरी तास टिकतो.

विजेच्या बाबतीत शेतकऱ्याकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. फीडरवर वीज आली की ऑटोस्विच लावलेले सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात आणि डीपी जळतो. म्हणून महावितरण वर्षानुवर्षे ऑटोस्विच काढा म्हणून सांगत आले आहे. सर्व्हर खोलीतही हेच होते. चार यंत्रे एकदम उठली की यूपीएस ताणाखाली पुन्हा पडतो, आणि ज्याच्या आधाराने बाकीची चालतात ते डिस्क साठवणारे यंत्र उठण्याआधीच बाकीची त्याला शोधून थकतात. बायॉसमध्ये सुरू होण्याचा विलंब लावता येतो: आधी स्विच, मग साठवण, मग बाकीचे. वीज दहा मिनिटांत तीनदा येत-जात असेल तर लगेच उठू नका, हेही यूपीएसच्या कार्डाला सांगता येते.

आता त्या पद्धतीकडे, जी मला सर्वात मोलाची वाटते: दुरून दुरुस्त करण्यापेक्षा यंत्रानेच मागे फिरावे. डिस्कवर प्रणालीच्या दोन प्रती ठेवायच्या. नवी सुधारणा दुसऱ्या प्रतीवर करायची आणि एकदाच तिच्यातून सुरू होऊन पाहायचे. सगळे नीट उठले तर यंत्राने ‘बरे आहे’ अशी खूण करायची. खूण झाली नाही, तर बूटलोडरने दोन-तीन प्रयत्नांनंतर आपणहून जुन्या प्रतीकडे जायचे. यंत्र मधेच थिजले तर बोर्डावरचा वॉचडॉग, म्हणजे ठरावीक वेळात थोपटले नाही की वीज झटकून पुन्हा सुरू करणारा पहारेकरी, ते परत सुरू करतो. अँड्रॉइड फोन २०१६ पासून अशी सोय देत आले आहेत. म्हणून फोनची सुधारणा अर्धवट राहिली तरी फोन सहसा मरत नाही. जी काळजी पाच-दहा हजारांच्या फोनमध्ये आहे, ती लाखांच्या सर्व्हरमध्ये नसावी, याला काही कारण नाही. लिनक्समध्ये ग्रबला ‘फक्त पुढच्या वेळी यातून सुरू हो’ असे सांगता येते. प्रयत्न मोजण्याची सोय सिस्टमडीच्या बूटलोडरमध्ये आहे.

याच विचाराचा एक फार दूरचा दाखला मंगळावरचा आहे. २१ जानेवारी २००४ रोजी, उतरून तीन आठवडेही झाले नसताना, नासाच्या स्पिरिट गाडीचे बोलणे तुटले. तिच्या फ्लॅश मेमरीतल्या फाइल-व्यवस्थेत घोळ झाला होता. गाडी उठे, फ्लॅश वाचायला जाई, कोसळे, पुन्हा उठे. असे साठहून अधिक वेळा झाले आणि ती झोपू न शकल्याने बॅटरीही उतरत चालली. पण तिच्या बनवणाऱ्यांनी एक वाट राखून ठेवली होती: फ्लॅशला न शिवता, नुसत्या मेमरीवर उठण्याची आज्ञा. ती आज्ञा पोहोचली, गाडी शांत उठली, मग फ्लॅश पुसून नव्याने मांडली गेली. तीन महिन्यांसाठी पाठवलेली ती गाडी २०१० पर्यंत बोलत राहिली. बिघडलेल्या भागाला हात न लावता उठण्याची सोय आधीच शिवलेली होती, यातच सगळे आले.

याच्या उलट चित्र १९ जुलै २०२४ चे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ ला जगभर गेली आणि विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर कोसळून पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख. कंपनीने १०.५७ ला फाइल मागे घेतली, म्हणजे चूक दीड तासाच्या आतच सुधारली. पण जी यंत्रे उठतच नव्हती त्यांच्यापर्यंत ती सुधारणा पोहोचणार कशी? भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय अगदी छोटा होता: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणे. पण तो बहुतेक ठिकाणी प्रत्येक यंत्रासमोर बसून करावा लागला. अॅझ्युरवरच्या आभासी यंत्रांबाबत मायक्रोसॉफ्टने पंधरा वेळांपर्यंत पुन्हा सुरू करून पाहा असेही सांगितले, कारण कोसळण्याआधीच्या क्षणांत नवी फाइल उतरली तर यंत्र सुटत होते. ज्यांच्या डिस्का बिटलॉकरने कुलूपबंद होत्या त्यांना अठ्ठेचाळीस अंकी किल्ली लागली, आणि काहींच्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या तोच निळा पडलेला होता. ही किल्ली छापून तिजोरीत ठेवावी, हा सल्ला जुनाट वाटेल, पण तो बरोबर आहे.

सगळे उपाय थकले की उरतो तो जागेवरचा माणूस, आणि मी त्याला शेवटचा नव्हे तर मुख्य उपायांपैकी एक मानतो. शाखेतला शिपाई, ऑपरेटर, रुग्णालयातला रात्रपाळीचा मुलगा, यांच्या हातात काय द्यावे? एक पेनड्राइव्ह, लाल चिकटपट्टी लावून टेबलाच्या खणात ठेवलेला. त्यात असे लिनक्स, जे सर्व्हरच्या डिस्कला हात न लावता उठते आणि उठताच आपणहून बाहेर बोगदा उघडते. माणसाने एवढेच करायचे: पेनड्राइव्ह लावायचा, वीज बंद-चालू करायची. पुढचे नागपूरहून. यंत्राच्या मागच्या केबलींना रंगीत पट्ट्या, पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत क्रमांक आणि मराठीत लिहिलेले एक पान, एवढ्याने फोनवरचा अर्धा तास वाचतो. “कोणतं बटन?” “निळ्या पट्टीच्या वरचं, दादा” असे बोलता आले पाहिजे. त्याच्यावर ओरडायचे नाही, कारण पुढच्या वेळी तो फोन करण्याआधी स्वतःच काहीतरी दाबून मोकळा होतो.

आणि दुरून हात पोहोचला म्हणजे लगेच दुरुस्तीच करावी असे नाही. डिस्क वाचताना अडखळत असेल तर फाइल-व्यवस्था तपासणारे साधन ‘सगळ्याला हो’ म्हणून चालवणे म्हणजे उरलेलेही घालवणे. आधी डिस्कची प्रत दुसरीकडे काढावी, मग त्या प्रतीवर प्रयोग करावेत. जळालेला पॉवर सप्लाय आणि मेलेली मेमरी दुरून बदलता येत नाही. तिथे दुसरे तयार यंत्र शेजारी ठेवणे हाच उपाय. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी क्लाऊडचा विचार जरूर करावा. मायक्रोसॉफ्टचे क्लाऊड केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे, अॅमेझॉनचे २०१६ पासून मुंबईत. तिथे न उठणाऱ्या यंत्राची डिस्क सोडवून दुसऱ्या यंत्राला जोडणे हे काही मिनिटांचे काम आहे. पण लिंक तुटली की काउंटर बंद, हे दुखणे तिथेही उरतेच.

या दुसऱ्या दाराचा धोकाही तितकाच खरा आहे. कंट्रोलरला सर्व्हरच्या प्रत्येक गोष्टीवर ताबा असतो आणि त्याची सुरक्षितता वर्षानुवर्षे कच्ची राहिली. २०१७ साली आयएलओ-४ मध्ये असा दोष सापडला की विनंतीत ‘ए’ हे अक्षर एकोणतीस वेळा लिहिले की पासवर्ड न देता आत जाता येई. २०१८ मध्ये आयपीएमआयच्या उघड्या पोर्टांतून खंडणीखोरांनी लिनक्स सर्व्हर कुलूपबंद केल्याच्या घटना झाल्या. म्हणून कंट्रोलर कधीही उघड्या इंटरनेटवर ठेवू नये, त्याचा पासवर्ड पहिल्या दिवशी बदलावा आणि त्याच्याही सुधारणा वेळच्या वेळी कराव्यात. हे जमत नसेल तर ते पोर्ट रिकामे ठेवलेले बरे.

एक प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. छोट्या शाखेतले यंत्र चोरीला जाऊ शकते, म्हणून डिस्क कुलूपबंद हवी. पण कुलूपबंद डिस्क वीज गेल्यानंतर दर वेळी पासवर्ड मागते, आणि रात्री अडीचला तो टाकायला तिथे कुणी नसते. लिनक्समध्ये सुरुवातीच्या तात्पुरत्या व्यवस्थेतच छोटा एसएसएच बसवून दुरून पासवर्ड देता येतो. त्याहून बरी वाट म्हणजे क्लेव्हिस आणि टँग ही जोडी: शाखेतले यंत्र उठताना यवतमाळच्या मुख्य कार्यालयातल्या टँग सर्व्हरची मदत घेते आणि ती मिळाली तरच डिस्क उघडते. चोराने नेलेले यंत्र त्याच्या घरी उघडत नाही. मात्र पुरात लिंक तुटली तर शाखेचे यंत्र शाखेतही उघडत नाही. त्यासाठी दुसरी किल्ली शाखेतच ठेवावी, असे काही सुचवतात, आणि चोर किल्लीसकट यंत्र नेईल, असे दुसरे म्हणतात. माझा कल असा: टँगचे दोन सर्व्हर वेगळ्या वाटांवर, एक यवतमाळात, एक पुसदला, दोघांपैकी कोणताही पुरेसा. आणि लेखी किल्ली शाखा व्यवस्थापकाच्या तिजोरीत पाकीटबंद, उघडले की मुख्य कार्यालयाला कळवून लगेच बदलायची.